बेळगावहून लंडन किती लांब? विमानाचं अंतर आणि खरा प्रवासवेळ काढायची रीत

मोबाइलवर 'बेळगाव ते लंडन' असं टाकलं की साडेसात हजार किलोमीटरच्या पुढचा एक आकडा येतो आणि त्याखाली नऊ-साडेनऊ तासांचा उड्डाणवेळ. आकडा खोटा नसतो, पण बेळगावच्या सांबरा विमानतळावरून उडालेलं विमान थेट लंडनला उतरतं असं त्यात धरलेलं असतं, आणि तसं विमान नाही. टिळकवाडीतल्या घराला कुलूप लावल्यापासून लंडनमधल्या नातेवाइकाच्या दारात पोचेपर्यंत वीस तास जातात. बसने मुंबई गाठायची म्हटलं तर सत्तावीस. त्या साडेनऊ तासांच्या भरवशावर रजा, गाडी किंवा इंटरव्ह्यूची वेळ ठरवली की माणूस तोंडघशी पडतो.

सीमाभागात आणखी एक गोष्ट असते. बेळगावपासून शंभर-दीडशे किलोमीटरच्या आत सांबरा, हुबळी, कोल्हापूर आणि गोव्यातले मोपा व दाबोळी असे पाच विमानतळ आहेत. त्यामुळे 'कुठून निघायचं' हा प्रश्न पुण्या-मुंबईच्या माणसाला पडत नाही तेवढा आपल्याला पडतो. इथे उदाहरण लंडनचं घेतलं आहे, पण रीत दुबई, टोरोंटो, सिडनी कुठल्याही शहराला लागू पडते.

अक्षांश-रेखांश

अंतर शहराच्या नावावरून काढू नका, विमानतळावरून काढा. एकाच नावाची शहरं जगात खूप आहेत. लंडन कॅनडातही आहे, सिडनीही कॅनडात आहे, हैदराबाद पाकिस्तानातही आहे, आणि आपोआप अंतर सांगणारी पानं कधीकधी भलतंच शहर उचलतात. म्हणून तीन अक्षरी विमानतळ संकेत वापरायचा. सांबरा आयएक्सजी, हुबळी एचबीएक्स, कोल्हापूर केएलएच, मुंबई बीओएम, बेंगळुरू बीएलआर, दिल्ली डीईएल, लंडनचं हीथ्रो एलएचआर. बेळगावचं नाव २०१४ मध्ये सरकारी कागदावर बेळगावी झालं, पण तिकिटांच्या बऱ्याच पानांवर अजून जुनंच नाव आहे. दोन्ही नावांनी सापडलं नाही तर आयएक्सजी टाका.

नकाशाच्या अ‍ॅपमध्ये धावपट्टीवर बोट दाबून धरलं की अक्षांश-रेखांश दिसतात. दशांशात तीन आकडे पुरेत, कारण अक्षांशातल्या एका अंशाचा हजारावा भाग म्हणजे जेमतेम एकशे अकरा मीटर. आपल्या हिशेबाला लागणारे आकडे असे: सांबरा १५.८५९ उत्तर, ७४.६१८ पूर्व. मुंबई १९.०८९ उत्तर, ७२.८६८ पूर्व. बेंगळुरू १३.१९९ उत्तर, ७७.७०६ पूर्व. दिल्ली २८.५५६ उत्तर, ७७.१०० पूर्व. हीथ्रो ५१.४७० उत्तर, ०.४५४ पश्चिम.

आकडा अंश-मिनिटं-सेकंदात मिळाला तर मिनिटांना ६० ने आणि सेकंदांना ३,६०० ने भागून अंशांत मिळवा. १५ अंश ५१ मिनिटं ३३ सेकंद म्हणजे १५ + ०.८५ + ०.००९, बरोबर १५.८५९. पश्चिम रेखांश आणि दक्षिण अक्षांश उणे धरायचे. हे उणं चिन्ह विसरणं ही सगळ्यांत जास्त होणारी चूक आहे. हीथ्रोच्या बाबतीत ती साठेक किलोमीटरवर भागते, पण न्यूयॉर्कच्या रेखांशाचं उणं चिन्ह गळलं तर ते शहर थेट किर्गिझस्तानात जाऊन बसतं.

अंतर: जवळचं वेगळं, लांबचं वेगळं

देशातल्या देशात, साधारण दीड हजार किलोमीटरपर्यंत, शाळेतला पायथागोरस पुरतो. अक्षांशाचा एक अंश म्हणजे १११.२ किलोमीटर. रेखांशाचा अंश मात्र विषुववृत्तापासून दूर जाईल तसा आखूड होत जातो, म्हणून त्याला दोन्ही ठिकाणांच्या सरासरी अक्षांशाच्या कॉसने गुणायचं.

सांबरा ते दिल्ली घेऊ. अक्षांशातला फरक १२.६९७, म्हणजे १,४१२ किलोमीटर. रेखांशातला फरक २.४८२. सरासरी अक्षांश २२.२, त्याचा कॉस ०.९२६, म्हणून २.४८२ × ०.९२६ × १११.२ = २५६ किलोमीटर. दोन्हींच्या वर्गांच्या बेरजेचं वर्गमूळ १,४३५ किलोमीटर. याच रीतीने सांबरा ते मुंबई ४०४, बेंगळुरू ४४५ आणि हैदराबाद ४३४ किलोमीटर येतात. रस्त्याच्या अंतराशी याची तुलना करू नका. मुंबईचा रस्ता पाचशे किलोमीटरचा आहे.

परदेशाला ही रीत चालत नाही. सांबरा ते हीथ्रो असं काढलं तर ७,९९७ किलोमीटर येतात, खऱ्यापेक्षा जवळजवळ चारशे जास्त. पृथ्वी गोल आहे आणि आपण तिला सपाट कागद समजून मोजतो, त्याचा हा दंड. लांबच्या अंतराला हे सूत्र घ्या:

कॉस(कोन) = साईन(पहिला अक्षांश) × साईन(दुसरा अक्षांश) + कॉस(पहिला अक्षांश) × कॉस(दुसरा अक्षांश) × कॉस(रेखांशातला फरक)

मोबाइलचा कॅल्क्युलेटर आडवा धरला की साईन-कॉसची बटणं दिसतात. आधी साईन ३० काढून पाहा. ०.५ आलं तर कॅल्क्युलेटर अंशांत आहे. दुसरं काही आलं तर तो रेडियनमध्ये आहे आणि पुढचं सगळं गणित वाया जाणार.

आता आकडे घाला. साईन १५.८५९ = ०.२७३२८, साईन ५१.४७० = ०.७८२२८, गुणाकार ०.२१३७८. कॉस १५.८५९ = ०.९६१९४, कॉस ५१.४७० = ०.६२२९३. रेखांशातला फरक ७४.६१८ वजा उणे ०.४५४, म्हणजे ७५.०७२, त्याचा कॉस ०.२५७६०. या तिघांचा गुणाकार ०.१५४३६. बेरीज ०.३६८१४. उलटा कॉस काढला की ६८.४० अंश. त्याला १११.२ ने गुणा: ७,६०६ किलोमीटर.

पृथ्वी ध्रुवांकडे किंचित चपटी असल्याने यात जास्तीत जास्त अर्ध्या टक्क्याचा फरक पडतो. वेळेच्या हिशेबात तो दोन-तीन मिनिटांचा, सोडून द्या. गणिताची उठाठेव नको असेल तर पृथ्वीगोलावर दोन शहरांमध्ये दोरा ताणून बसवा, आणि तेवढाच दोरा विषुववृत्तावर धरून किती अंश भरतात ते मोजून १११.२ ने गुणा. शाळेतल्या फुटभर गोलावरही शे-दीडशे किलोमीटरच्या चुकीत उत्तर येतं. भिंतीवरच्या सपाट नकाशावर मात्र हे करू नका. तिथे सरळ दिसणारी रेषा सगळ्यांत जवळची नसते.

वाट वाकडी केली तर किती पडते

सूत्र हातात आलं की खरा उपयोग इथे होतो. प्रत्येक टप्प्याचं अंतर काढून बेरीज करा आणि थेट अंतराशी ताडून पाहा.

मुंबई ते हीथ्रो ७,२१२ किलोमीटर. त्यात सांबरा-मुंबईचे ४०४ मिळवले की ७,६१६. थेट अंतरापेक्षा फक्त दहा किलोमीटर जास्त! म्हणजे मुंबई बेळगाव-लंडनच्या सरळ रेषेवरच बसलेली आहे. दिल्लीमार्गे १,४३५ आणि ६,७३१ मिळून ८,१६६, साडेपाचशे किलोमीटरचा वळसा. बेंगळुरूमार्गे ४४५ आणि ८,०४६ मिळून ८,४९१, पावणेनऊशेच्या वर वळसा. दुबईचंही तसंच. सांबरा-दुबई थेट २,२५६, मुंबईमार्गे २,३३०, आणि बेंगळुरूमार्गे ३,१४०, कारण आधी उलट दिशेला जाऊन मग परत यायचं.

एवढं वाचून कुणीही म्हणेल की मुंबईमार्गेच जायचं. थांबा. पावणेनऊशे किलोमीटर म्हणजे मोठ्या विमानाचा तासाभराचा प्रवास. विमानतळावर दोन तास कमी बसावं लागलं तर तो वळसा भरून निघतो. तिकीट निवडताना किलोमीटर बघून फार थोडं कळतं. मधली थांबण्याची वेळ आधी बघा.

किलोमीटरचे तास

तिकिटावरची सुटण्याची वेळ म्हणजे विमान जागेवरून हलण्याची वेळ, आणि पोचण्याची वेळ म्हणजे ते दुसरीकडे जागेवर उभं राहण्याची. धावपट्टीपर्यंत सरकणं, रांगेत उभं राहणं, चढणं, उतरण्याआधी घिरट्या घालणं हे सगळं त्यात येतं. म्हणून नुसतं अंतर भागिले वेग करून चालत नाही.

सांबऱ्याला दोन जातींची विमानं दिसतात. पंख्याची एटीआर ताशी पाचशेच्या आसपास जाते, जेट आठशेच्या वर. एटीआरसाठी अंतराला ४५० ने भागा आणि वीस-पंचवीस मिनिटं मिळवा. बेंगळुरूचे ४४५ किलोमीटर तासाभरात, अधिक वीस मिनिटं, म्हणजे एक तास वीस. देशातल्या जेटसाठी ८०० ने भागा आणि चाळीस मिनिटं मिळवा. दिल्ली एक तास अठ्ठेचाळीस अधिक चाळीस, म्हणजे अडीच तास. मुंबई तीस अधिक चाळीस, म्हणजे एक तास दहा. मुंबईला उडण्यापेक्षा सरकण्यात आणि रांगेत वेळ जास्त जातो, हे यातून दिसतंच.

लांबच्या प्रवासात वारा मध्ये येतो. दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचे वारे वाहतात आणि हिवाळ्यात त्यांचा जोर वाढतो. युरोपला जाताना ते तोंडावर येतात, परतताना पाठीवर. शिवाय विमान सरळ रेषेत जात नाही. ठरलेले हवाई मार्ग आणि टाळायचे प्रदेश यांमुळे तीन ते पाच टक्के अंतर वाढतं. हे सगळं पोटात घेऊन जाताना ७८० ने आणि येताना ८८० ने भागा, वर चाळीस मिनिटं. मुंबई-लंडन ७,२१२ भागिले ७८० म्हणजे सव्वानऊ तास, अधिक चाळीस मिनिटं, नऊ तास पंचावन्न. परतताना आठ तास बावन्न. बेंगळुरू-लंडन जाताना अकरा तास, दिल्ली-लंडन नऊ तास अठरा.

दिल्लीच्या आकड्याला एक शेपूट आहे. २४ एप्रिल २०२५ रोजी पाकिस्तानने भारतीय कंपन्यांच्या विमानांना आपलं आकाश बंद केलं आणि नंतर ही बंदी महिन्या-महिन्याने वाढवली गेली. भारतीय कंपनीचं विमान दिल्लीहून युरोपला निघालं तर आधी दक्षिणेला येऊन अरबी समुद्रावरून वळसा घालतं, आणि तासभरही वाढू शकतो. परदेशी कंपनीच्या विमानाला ही अडचण नाही. मुंबई आणि बेंगळुरूच्या विमानांना तिचा त्रास दिल्लीएवढा होत नाही. रशियाचं आकाशही २०२२ पासून युरोप-अमेरिकेच्या बऱ्याच कंपन्यांना बंद आहे, त्याचा परिणाम अमेरिकेच्या मार्गांवर दिसतो. म्हणून काढलेल्या वेळेचा ताळा एकदा प्रत्यक्ष वेळापत्रकाशी करा. अर्ध्या तासाच्या आत फरक असेल तर हिशेब बरोबर. तासाहून जास्त असेल तर मध्ये कुठेतरी थांबा आहे किंवा वळसा आहे.

घड्याळाचा घोळ

तिकिटावरच्या दोन्ही वेळा त्या-त्या गावच्या असतात. त्या नुसत्या वजा करू नका. दोन्ही भारतीय वेळेत आणा आणि मग वजा करा. लंडन हिवाळ्यात आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असतं. मार्चच्या शेवटच्या रविवारपासून ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत साडेचार. समजा मुंबईहून दुपारी १४:०० चं विमान लंडनला १८:२५ ला पोचतं आणि महिना जानेवारी आहे. १८:२५ मध्ये साडेपाच तास मिळवले की २३:५५. वजा १४:००, नऊ तास पंचावन्न. तेच विमान जूनमध्ये लंडनला १९:२५ दाखवेल. प्रवास तेवढाच, फक्त घड्याळ सरकलं.

दुबई दीड तास मागे, सिंगापूर अडीच तास पुढे, आणि ही दोन्ही शहरं वर्षभर तशीच राहतात. न्यूयॉर्क-टोरोंटो हिवाळ्यात साडेदहा तास मागे, उन्हाळ्यात साडेनऊ. पण त्यांचं घड्याळ मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुढे जातं आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे येतं. युरोपच्या तारखा वेगळ्या, त्यामुळे मार्चमध्ये दोन-तीन आठवडे लंडन-न्यूयॉर्कमधला फरक नेहमीसारखा नसतो. सिडनीचं उलटं. तिथला उन्हाळा ऑक्टोबर ते एप्रिल.

आता तारीख. मुंबईहून परदेशी जाणारी बरीच विमानं मध्यरात्रीनंतर सुटतात. तिकिटावर '१५ तारीख, ००:३०' असेल तर विमानतळावर जायचं ते १४ तारखेच्या रात्री. आपल्याकडे दिवस उजाडल्याशिवाय तारीख बदलत नाही, त्यामुळे '१५ ची रात्र' म्हणून चोवीस तास उशिरा पोचणारे लोक दर सुट्टीत सापडतात. पोचण्याच्या वेळेपुढे +१ असेल तर दुसरा दिवस. न्यायला येणाऱ्यांना वेळेआधी तारीख सांगा.

निघायचं कुठून

बेळगाव शहर, खानापूर, बैलहोंगल, गोकाक या पट्ट्याला सांबरा सोयीचं. शहरापासून दहाएक किलोमीटर, गांधीनगर, बसवण कुडची, निलजी, मुतगा असा रस्ता. अर्धा तास पुरतो, पण सकाळी शाळा-कारखान्यांच्या वेळी गांधीनगरच्या आसपास अडकायला होतं, म्हणून चाळीस मिनिटं धरा. निपाणीकरांनी मात्र आधी कोल्हापूरचं उजळाईवाडी बघावं. बेळगावला पंचाहत्तर किलोमीटर खाली येण्यापेक्षा चाळीस किलोमीटरच्या आत महामार्गाला लागूनच ते आहे. हल्याळकरांना धारवाडमार्गे हुबळी जवळ, कारवारकरांना गोवा.

गोव्याचं आकर्षण मोठं आहे, कारण तिथून आखाताकडे थेट विमानं असतात आणि मुंबई-दिल्लीला पर्यायही जास्त. पण गोव्यात दोन विमानतळ आहेत. दाबोळी म्हणजे जीओआय आणि मोपा म्हणजे जीओएक्स. मोपा जानेवारी २०२३ मध्ये सुरू झाला. तिकिटावर दोन्हीकडे 'गोवा' असंच लिहिलेलं असतं आणि दोघांमध्ये साठेक किलोमीटरचं अंतर आहे. संकेत बघितल्याशिवाय गाडी ठरवू नका. बेळगावहून मोपाला चोर्ला घाटाने किंवा आंबोली-सावंतवाडीने जाता येतं, साधारण १२० किलोमीटर, कोरड्या दिवसांत तीन तास. दाबोळीला चोर्ला किंवा खानापूर-अनमोड. पावसाळ्यात या तीन घाटांत दरड, धुकं, अडकलेले ट्रक यांचा नेम नसतो. जून ते सप्टेंबर घाटाच्या वेळेवर दीड तास वाढवून धरा आणि रात्रीचा घाट टाळा. दाबोळी नौदलाचा तळ असल्याने आठवड्याच्या दिवसांत सकाळी काही तास नागरी विमानं बंद असतात. तिथे सकाळी अकराचं विमान शोधत बसू नका.

सांबऱ्याची अडचण निराळी. तिथली उड्डाणं मोजकी आणि वेळापत्रक वर्षातून दोनदा, मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटी, बदलतं. उन्हाळ्यात काढलेलं नोव्हेंबरचं तिकीट मधल्या काळात सरकलेलं असू शकतं. पावसाळ्यात ढग खाली उतरतात, हिवाळ्यात पहाटे धुकं असतं, आणि मग विमान हुबळी, गोवा किंवा बेंगळुरूला वळवलं जातं. डिसेंबरमध्ये बेळगावच्या सुवर्णसौधात कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन भरलं की बेंगळुरूच्या जागा आधीच गेलेल्या असतात. त्या पंधरवड्याची तिकिटं लवकर काढा.

जोडविमान आणि सामान

शक्य असेल तर सांबऱ्यापासून शेवटच्या शहरापर्यंत एकच तिकीट, एकच पीएनआर (आरक्षण क्रमांक) घ्या. चार-पाच हजार जास्त पडले तरी घ्या. पहिलं विमान उशिरा आलं आणि दुसरं चुकलं तर पुढच्या विमानात बसवायची जबाबदारी कंपनीची होते, आणि बॅग बहुधा सांबऱ्यालाच शेवटच्या शहराचा टॅग लावून जाते. टॅगवर शेवटचा संकेत वाचल्याशिवाय काउंटर सोडू नका. पासपोर्टवरचा शिक्का मात्र सांबऱ्याला नाही, देशातल्या शेवटच्या विमानतळावर बसतो.

वेगळी तिकिटं काढली तर सामानाचं गणित आधी करा. देशातल्या विमानात साधारण १५ किलो बॅग आणि हातात ७ किलो. परदेशी तिकिटावर २३ किलोच्या एक किंवा दोन बॅगा. म्हणजे ४६ किलो घेऊन सांबऱ्याला गेलात तर ३१ किलोचं जादा भाडं. लोणची, पापड, मसाले आणि कुंदा भरलेल्या बॅगा इथेच पकडल्या जातात. आणि मुंबईला उतरल्यावर ते सगळं पट्ट्यावरून उचलून पुन्हा नव्याने द्यायचं.

मधला वेळ किती ठेवायचा? एक तिकीट असेल तर मुंबईत साडेतीन-चार तास, बेंगळुरूत तीन-साडेतीन. वेगळी तिकिटं असतील तर मुंबईत सहा तासांच्या खाली जाऊ नका. पावसाळ्यात किंवा दिल्लीत डिसेंबर-जानेवारीच्या धुक्यात आदल्या दिवशीच पोचा. मुंबईत टर्मिनल एकला उतरून दोनला जायचं असेल तर ते रस्त्याने जाणं आहे, पाऊण तास वेगळा धरा. बेंगळुरूची दोन टर्मिनलं शेजारी आहेत, परदेशी विमानं सप्टेंबर २०२३ पासून टर्मिनल दोनला. डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईतही विमानं सुरू झाली आहेत. तिथे उतरून अंधेरीच्या विमानतळावरून पुढे जायचं म्हणजे मुंबईची गर्दी पार करायची. तीन अक्षरं इथेही वाचा. वाटेत तिसऱ्या देशात विमान बदलणार असाल तर ट्रान्झिट व्हिसा लागतो का ते तिकीट काढण्याआधी बघा.

सगळी बेरीज

मुंबईमार्गे, एकाच तिकिटावर: घर ते सांबरा चाळीस मिनिटं. देशातल्या विमानाचं काउंटर सहसा साठ मिनिटं आधी बंद होतं, म्हणून दीड तास आधी पोचायचं. उड्डाण एक तास दहा. मुंबईत चार तास. उड्डाण नऊ तास पंचावन्न. हीथ्रोला पासपोर्टची रांग आणि बॅग मिळून सव्वा तास, पुढे शहरात तास. एकूण साडेएकोणीस तास. त्यातले सव्वाआठ तासांहून जास्त जमिनीवर.

बेंगळुरूमार्गे, मध्ये साडेतीन तास धरून: चाळीस मिनिटं, दीड तास, एक तास वीस, साडेतीन तास, अकरा तास आणि शेवटचे सव्वादोन. एकूण सव्वावीस तास. पावणेनऊशे किलोमीटर जास्त, पण पाऊण तासाचाच फरक. मुंबईतली थांबण्याची वेळ पाच तास झाली की बेंगळुरू पुढे जातं.

रात्रीच्या बसने मुंबई: बस साडेदहा तास, शहरातून विमानतळ एक तास, तिथे तीन तास आधी, उड्डाण नऊ तास पंचावन्न, शेवटचे सव्वादोन. पावणेसत्तावीस तास, आणि महामार्गावर बस अडकली तर हाताशी काही नाही. तरीही चार बॅगा असलेल्या कुटुंबाला बस परवडते, कारण तिथे १५ किलोची अट नसते. फक्त सकाळी पोचणारी बस आणि संध्याकाळनंतरचं विमान अशी जोडी लावा. बेंगळुरूसाठी ऑगस्ट २०२५ पासून वंदे भारतही आहे, साडेआठ तास. पण ती मॅजेस्टिकला, म्हणजे बेंगळुरूच्या मुख्य स्टेशनवर, उतरवते आणि विमानतळ तिथून उत्तरेला पस्तीसेक किलोमीटर. रहदारीच्या वेळी त्याला दीड-दोन तास लागतात.

परतीचं गणित वेगळं

येताना वारा पाठीशी असतो, पण घड्याळ विरुद्ध. हिवाळ्यात लंडनहून रात्री २१:०० ला निघालं तर आपल्याकडे तेव्हा पहाटेचे अडीच. त्यात आठ तास बावन्न मिळवले की मुंबईत सकाळी ११:२२. पासपोर्ट, बॅग, कस्टम यांना दीड तास, म्हणजे एक वाजेपर्यंत तुम्ही बाहेर. बॅगेवर बेळगावचा टॅग असला तरी ती मुंबईत घ्यावी लागते, कस्टम पार करून पुन्हा द्यावी लागते. टॅग बघून निश्चिंत होऊन पुढच्या विमानात बसलेल्यांची बॅग मुंबईतच राहते.

सांबऱ्याचं त्या दिवसाचं शेवटचं विमान किती वाजता आहे ते लंडनहून निघायच्या आधी पाहून ठेवा. ते तीनच्या आधी असेल तर एकाच तिकिटावर असल्याशिवाय त्याचा नाद सोडा. त्याऐवजी मुंबईहून कोल्हापूर, हुबळी किंवा मोपाचं संध्याकाळचं विमान मिळतं का बघा. कोल्हापूर किंवा हुबळीला उतरलात तर बेळगाव महामार्गाने दोन तासांत येतं. मोपाला रात्री उतरून पावसाळ्यात घाट चढण्यापेक्षा सावंतवाडीत मुक्काम करा आणि उजाडल्यावर आंबोलीने वर या.

यातलं काहीच जमत नसेल तर रात्रीच्या स्लीपर बसचं तिकीट आधीच काढून ठेवा आणि बसायचं ठिकाण विमानतळाच्या बाजूचं, सायन किंवा चेंबूर असं निवडा. बस सुटायच्या वेळेत आणि विमान उतरायच्या वेळेत किमान सहा तासांचं अंतर ठेवा.